अस्सल पुर्जा, नकली पुर्जा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कवीला बोलायला बोलावलं की तो कवितेवर बोलेल, अशी लोकांची साहजिक अपेक्षा असते. मी मात्र आज ट्रकच्या गिअरबॉक्सवर बोलणार आहे. हसू नका. माझं बी.ए. पर्यंतचं शिक्षण, बहिणींची लग्नं, घरातला पहिला रेडिओसुद्धा एका गॅरेजातून आला. हैदराबाद रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये अब्बांचं ते गॅरेज होतं. तिथं मुख्य काम एकच. ट्रकखालून उतरवलेला गिअरबॉक्स उघडायचा, झिजलेले भाग काढायचे, चांगले भाग निवडायचे आणि तो पुन्हा बांधायचा. उघडणं आणि बांधणं हे हाताचं काम, ते दोन-तीन वर्षांत कुणालाही जमतं. निवडणं मात्र जन्मभर शिकावं लागतं, असं अब्बा म्हणायचे. त्या निवडण्याचा इतिहास आज तुम्हाला सांगायचा आहे.

आपलं सोलापूर रस्त्यांवर वसलेलं गाव आहे. पुण्याहून हैदराबादला जाणारा रस्ता इथूनच जातो. विजापूरहून येऊन धाराशिव, बीड, धुळ्याकडे जाणारा रस्ताही इथूनच जातो. पूर्वी या रस्त्यांना ९, १३ आणि २११ असे नंबर होते. २०१० मध्ये देशभरच्या महामार्गांचे नंबर बदलले, तेव्हापासून ६५ आणि ५२ म्हणतात. जुने ड्रायव्हर अजून जुन्याच नंबरांनी बोलतात. चादरी, टॉवेल, कांदा, डाळिंब, सिमेंट असं सगळं या चौफुलीवरून जातं. आणि जिथं ट्रक थांबतो, तिथं मिस्त्री असतोच.

आधी गिअरबॉक्स म्हणजे काय ते सांगतो. कुठल्याही रसवंतीत जाऊन उभे राहा. मोटार भन्नाट फिरत असते, पण उसाची लाट हळू फिरते आणि दांडगा ऊस चिपाड करून टाकते. मधल्या दातेरी चाकांची ही करामत. लहान चाकानं मोठं चाक फिरवलं की वेग कमी होतो आणि जोर वाढतो. मोटार यायच्या आधी बैलाच्या लाकडी चरकातही पिळाचे दाते एकमेकांत गुंतून लाटा फिरायच्या. सरकी काढायच्या जुन्या चरकीतही लाकडाचे तसेच पिळाचे दाते असायचे. म्हणजे दातेरी चाक आपल्याला परकं नाही. ट्रकमध्ये फरक एवढाच, की तिथं एका जोडीनं भागत नाही. भरलेली गाडी जागची हलवायला जोर लागतो, सपाटीवर पळवायला वेग लागतो, आणि इंजिन तर आपल्या ठरावीक चालीतच खुशीत असतं. म्हणून एका ओतीव पेटीत चार-पाच जोड्या बसवायच्या आणि दांड्यानं हवी ती जोडी कामाला लावायची. मोटारीत ही युक्ती रुळवली ती फ्रान्सच्या पानार-लेव्हासोर कंपनीनं, १८९० नंतरच्या दशकात. फिरतं चाक फिरत्या चाकात सरकवायचं, असा तो जरा दांडगाईचाच प्रकार होता. पुढं १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश आलं. दाते गुंतण्याआधी एक पितळी रिंग दोन्हीकडचा वेग सारखा करते आणि खरखर थांबते. आपल्या ट्रकांपर्यंत ही सोय पोहोचायला मात्र कितीतरी वर्षं लागली. तोवर ड्रायव्हर डबल क्लच मारायचे. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून गरज पडेल तशी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकायचा. हे सगळं कानावर चालायचं. कान कच्चा असेल तर दाते तुटलेच म्हणून समजा.

आता आमच्या घराकडे येतो. आजोबा जुन्या गिरणीत फिटर होते. १८७७ च्या सुमारास सुरू झालेली ही गिरणी म्हणजे सोलापूरच्या गिरणगावाचं पहिलं पाऊल. १९४९ मध्ये ती बंद पडली. १९५० मध्ये केंद्र सरकारनं खास वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो वकिलीच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. पण कज्जे कोर्टात चालतात आणि चूल घरात पेटावी लागते. १९६० नंतरच्या दशकात ती गिरणी कायमची थांबली. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये दाते, शाफ्ट, बेरिंग हाताळलेली माणसं बाहेर आली. आजोबा त्यांच्यातलेच. त्यांनी अब्बांना एका ट्रक मिस्त्रीकडे लावलं. साचे थांबले होते, ट्रक वाढत होते.

ट्रकच्या इतिहासातही सोलापूरचा एक माणूस अगदी पुढं उभा आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरचाच. बार्शी लाइट रेल्वेच्या ठेकेदारीपासून सुरुवात केलेल्या या माणसानं जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींचे कारखाने देशात काढायचं मनावर घेतलं. मोटारीसाठी इंग्रज सरकारनं साथ दिली नाही. तरी १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ मध्ये मुंबईत कुर्ल्याला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. डॉज, फार्गो ही ट्रकांची नावं जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत.

त्याआधी रस्त्यावर होत्या त्या डिस्पोजलच्या गाड्या. दुसरं महायुद्ध संपलं, लष्करानं हजारो ट्रक लिलावात काढले आणि ते आपल्या मालवाहतुकीत आले. शेवरोले, फोर्ड, डॉज अशा परदेशी गाड्या. जनरल मोटर्सनं तर १९२८ पासूनच मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना चालवला होता. स्वातंत्र्यानंतर सरकारनं धोरण ठरवलं, की नुसती जुळणी करणाऱ्यांना इथं जागा नाही, सुटे भाग इथंच बनवायचा कार्यक्रम हवा. तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५३-५४ च्या सुमारास गाशा गुंडाळला. कंपन्या गेल्या, पण त्यांचे ट्रक रस्त्यावर राहिले. त्यांचा गिअर मोडला तर नवा आणायचा कुठून? परदेशातून मागवायला परवाना लागायचा, परकीय चलन लागायचं. मग एका मेलेल्या ट्रकचे भाग दुसऱ्या ट्रकला बसायचे, नाहीतर लेथवाल्याकडून तसाच भाग घडवून घ्यावा लागायचा. आपल्याकडच्या ‘लोकल पार्ट’चा जन्म या अडचणीतून झालाय. त्याला सरसकट चोरी म्हणणं मला पटत नाही. ती गरज होती, आणि त्या गरजेतून कितीतरी चांगले कारागीर तयार झाले.

१९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. १९५५ मध्ये मद्रासला अशोक लेलँड उभी राहिली. करार संपल्यावर १९६९ पासून टाटांच्या ट्रकवर बेंझचा तारा जाऊन टाटांचं ‘टी’ आलं. पण आमच्या गॅरेजात पुढं कैक वर्षं टाटाचा ट्रक म्हणजे ‘बेंझ’च. ट्रकामागोमाग सुटे भाग बनवणारे कारखाने आले, आणि त्यातले पुष्कळसे आपल्या महाराष्ट्रात आले. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्ज १९६१ मध्ये स्थापन झाली, घडीव पोलादाच्या कामासाठी. चिंचवडला त्याच दशकात स्वीडनच्या एसकेएफचा बेरिंगचा कारखाना आला. ठाण्यात १९६५ मध्ये नीडल रोलर बेरिंग कंपनी निघाली, तिनं सुईसारख्या बारीक रोलरची बेरिंगं देशात बनवायला सुरुवात केली. १९७१ मध्ये भारत गिअर्स निघाली, तिचा कारखाना मुंब्र्याला. ही नावं आम्हा पोरांना शाळेतल्या नद्यांच्या नावांआधी पाठ झाली, कारण ती खोक्यांवर छापलेली असायची आणि खोकी आमची खेळणी होती.

पण मागणी फार आणि माल थोडा, असा तो काळ. कंपनीच्या डीलरकडे भाग मागितला की ‘पुढच्या महिन्यात या’. मालकाचा ट्रक उभा, बँकेचा हप्ता चालू. या फटीतून तिसरा माल शिरला. गॅरेजच्या भाषेत मालाच्या तीन जाती होत्या. ‘कंपनीचा’ म्हणजे अस्सल. ‘लोकल’ म्हणजे दुसऱ्या कारखान्यानं स्वतःच्या नावानं बनवलेला, चांगला किंवा वाईट, पण नाव लपवत नसे. तिसरा ‘डुप्लिकेट’. नाव कंपनीचं, खोकं कंपनीसारखं आणि आतला माल कुणाचा ते अल्ला जाणे. अब्बा म्हणायचे, “लोकलवाला गरीब असेल, पण आपल्या बापाचं नाव सांगतो. डुप्लिकेटवाला दुसऱ्याच्या बापाचं सांगतो.”

अब्बांची निवडायची पद्धत आता सांगतो. ती त्यांची एकट्याची नव्हती, त्या पिढीतल्या सगळ्याच चांगल्या मिस्त्रींची होती. गिअरबॉक्स खाली आला की आधी तेल काढायचं आणि तेलाच्या बुचाकडे बघायचं. बुचाला लोहचुंबक असतं. त्यावर करडा, बारीक लगदा असेल तर ती रोजची झीज. टोचणारे तुकडे असतील तर आत काहीतरी फुटलंय. मग डिझेलनं धुऊन सगळे भाग ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं पोत्यावर मांडायचे. नव्या मालाची यादी करायला घाई करायची नाही. आधी जुन्याला विचारायचं, तू का मेलास? शाफ्टावर निळसर झाक असेल तर तेल कमी पडून तो तापला होता. बेरिंगच्या रेसवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे असतील तर त्याचं आयुष्य सरलं होतं. दात एका कडेलाच झिजला असेल तर शाफ्ट वाकडा आहे किंवा पेटीतलं बेरिंगचं घर मोठं झालंय. रोग न शोधता नवा भाग घातला तर तोही त्याच रोगानं मरणार.

बेरिंगच्या बाबतीत अब्बांचा नियम एकच. पेटी उघडली की बेरिंगं सगळीच नवी घालायची. जुनं चांगलं दिसलं तरी मोह धरायचा नाही. कारण शाफ्टाला सरळ धरून ठेवतं ते बेरिंग, आणि शाफ्ट हलला तर सोन्याचे गिअर घातले तरी दात दातावर नीट बसणार नाहीत. नवं बेरिंग हातात घेतलं की खोकं बाजूला ठेवायचं. खोकं छापणं सगळ्यांत सोपं. रिंगवरचा नंबर बघायचा, अक्षरं स्वच्छ आणि सारखी आहेत का. कडा गुळगुळीत आहेत का. मग बोटावर धरून हळूच फिरवायचं आणि कानाशी न्यायचं. चांगलं बेरिंग एकसारखं, मऊ फिरतं. खोट्यात मध्येच कुठंतरी बारीक कचकच लागते. अलीकडे पोरं हवेच्या नळीनं बेरिंग गरगर फिरवतात, तसं कधी करू नये. कोरडं बेरिंग खराब होतं आणि फुटून इजाही होते.

गिअरची गोष्ट वेगळी. चांगल्या गिअरचा दात बाहेरून कणखर आणि आतून चिवट हवा. पोलादाच्या वरच्या थरात कार्बन मुरवून त्याला पाणी दिलं की वरचं कवच टणक होतं आणि गाभा मात्र थोडा सोसणारा राहतो. नकली गिअरात एक तर पाणी कमी, मग दात लोण्यासारखा झिजतो. नाहीतर आरपार कडक, मग काचेसारखा तुकडा उडतो. अब्बा दाताच्या आडकोपऱ्यात बारीक कानस हलकेच ओढून बघायचे. कानस घसरली तर दात टणक, चावली तर नरम. गाभा चिवट आहे की नाही हे मात्र कानस सांगत नाही, तिथं बनवणाऱ्याच्या नावावरच भरवसा ठेवावा लागतो. आणखी एक, गिअर बदलायचा तर जोडी बदलायची. जुन्या दातानं आपल्या झिजेचं वळण घेतलेलं असतं, नवा दात त्याच्याशी जुळत नाही. आवाज येतो आणि दोघंही लवकर जातात. गिअरच्या बाजूला गुंतायचे छोटे दाते असतात, त्यांची टोकं गोल झाली असतील तर तो गिअर कितीही देखणा असला तरी चालताना सुटणार. पुढं सिंक्रोमेशच्या गाड्या आल्या तेव्हा पितळी रिंग कोनावर दाबून मधली फट पात्याच्या गेजनं मोजायला अब्बा या वयात शिकले. फट संपत आली की रिंग संपली. आणि तेलाचं सील. सगळ्यांत स्वस्त भाग, म्हणून सगळे तिथंच काटकसर करतात. सील गळलं की तेल जातं, तेल गेलं की हजारोंचा माल जळतो. तेलही कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच दर्जाचं हवं. जास्त भारी म्हणून घातलेलं काही तेल पितळी रिंगला खातं.

एवढं सगळं जाणणाऱ्या माणसाच्या हातून एकदा चूक झाली. तीच सांगण्यासाठी खरं तर मी आज बसलोय.

१९८७ चा पावसाळा. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. एका मालकाचा ट्रक उभा होता, चादरींचा माल मुंबईला पोहोचवायचा होता. मेनशाफ्टच्या मागचं बेरिंग हवं होतं. कंपनीच्या मालाला तीन आठवडे लागणार होते. मालक म्हणाला, “चाचा, तीन आठवडे थांबलो तर पार्टी जाईल हो.” एका दुकानात ते बेरिंग मिळालं. खोकं कंपनीचं, किंमतही जवळजवळ कंपनीची. अब्बांनी ते कानाशी धरून फिरवलं. मी शेजारीच दिवा धरून उभा होतो. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं, मालकाकडे बघितलं आणि बेरिंग शाफ्टावर चढवलं.

खंडाळ्याचा घाट उतरताना तो गिअर सुटला. बेरिंग फुटलं, शाफ्ट हलू लागला, दाते एकमेकांत राहीनात. भरलेला ट्रक घाट उतरतो तेव्हा त्याला निम्मं इंजिन धरून ठेवतं आणि निम्मं ब्रेक. गिअर सुटला की इंजिनचा हात सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की तेही धरत नाहीत. ड्रायव्हर जुना होता, त्यानं दरीची बाजू सोडून ट्रक डोंगराच्या अंगाला घातला. तो वाचला. क्लीनर डाव्या बाजूला बसला होता, अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, मंगळवेढ्याकडचा. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पोलीस आले, पंचनामा झाला, ‘ब्रेक निकामी’ असं कागदावर आलं. गॅरेजकडे कुणी बोट दाखवलं नाही. ट्रकचं धूड ओढून आणल्यावर अब्बांनी स्वतः पेटी उघडली. बेरिंगच्या रिंगचे तीन तुकडे झाले होते. ते रुमालात बांधून घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. अम्मी म्हणाली, “अजी, तुमकू क्या मालूम था?” अब्बा म्हणाले, “मालूम था. कान को मालूम था.”

तो पोरगा बरा झाल्यावर अब्बांनी त्याला गॅरेजात आणलं. उपकार म्हणून नाही. दारातल्या टेबलाशी त्याला बसवलं आणि सांगितलं, बाहेरून येणारा प्रत्येक भाग आधी तुझ्या हातातून जाईल. तुला नको वाटला तर तो आत येणार नाही, मी म्हणालो तरी येणार नाही. तो तिथं पंचवीस वर्षं बसला. पुढं त्याचा कान अब्बांपेक्षाही तयार झाला. एखादं बेरिंग फिरवून तो नुसती मान हलवायचा आणि दुकानदाराचा पोऱ्या न बोलता ते परत न्यायचा. काही मालक आम्हाला सोडून गेले, “तुमच्याकडे वेळ लागतो,” म्हणाले. धंदा कमी झाला. बहिणीचं लग्न एक वर्ष पुढं गेलं. पण अब्बांनी त्याच्या शब्दाबाहेर एकही भाग बसवला नाही.

तोवर काळही बदलत होता. १९८० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्यानं हलके ट्रक आले. त्यातला ऑल्विन निस्सान तर आपल्याच हैदराबाद रस्त्यावर, झहिराबादला बनायचा. १९८६ मध्ये टाटांचा ४०७ आला. १९९१ नंतर आयातीची दारं उघडली, टंचाई सरली. कंपनीचा माल वेळेवर मिळू लागला. आता डुप्लिकेटचा धंदा आपोआप बसायला हवा होता, नाही का? तो बसला नाही. टंचाईत डुप्लिकेट घेणारा नाइलाजानं घ्यायचा, आता स्वस्त म्हणून घेऊ लागला. छपाई सुधारली तशी खोकीही सुधारली. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोट्या नावानं माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षांची कैद आणि वर दंड सांगितलाय. कायदा चांगला आहे. पण बेरिंग एकदा पेटीत बसलं आणि झाकण आवळलं की कायद्याला ते दिसत नाही.

आम्हा सोलापूरकरांना तर हे दुःख वेगळं सांगायला नको. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या मानांकनांपैकी ते एक. का घ्यावं लागलं? दुसरीकडे विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाते म्हणून. तेव्हा आपल्याला केवढा राग येतो! आणि तेच आपण ट्रकसाठी ‘चालतंय की’ म्हणून खोट्या खोक्यातलं बेरिंग घेतो. याच शहरात १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे. इथं घडलेले कॅमशाफ्ट परदेशी मोटारींच्या इंजिनात बसतात. म्हणजे अस्सल माल घडवणं आपल्या हाताला जमतं. प्रश्न हाताचा नाहीच.

आज गॅरेज माझा धाकटा भाऊ चालवतो. नव्या ट्रकांना सहा-सहा, नऊ-नऊ गिअर असतात. काहींमध्ये तर क्लचचं पायडलच नाही, संगणकच गिअर टाकतो. खोक्यावर चौकोनी कोड असतो, मोबाइल धरला की माल खरा की खोटा ते कळायची सोय काही कंपन्यांनी केलीय. भाऊ कोड तपासतो, ते बरंच आहे. पण खऱ्या खोक्यात खोटा माल भरणारेही आहेत, म्हणून त्यानंतर तो बेरिंग कानाशी नेतो.

ऐकणाऱ्यांत ट्रकचे मालक असतील, ड्रायव्हर असतील, त्यांना हात जोडून एवढंच सांगतो. गिअरबॉक्स उघडला तर तिथं स्वतः जाऊन उभे राहा. काढलेले जुने भाग बघायला मागा. प्रत्येक भागाचं बिल घ्या, बिलावर नंबर लिहून घ्या. मिस्त्री दोन दिवस जास्त मागत असेल तर द्या, आणि तो एखादा भाग नको म्हणाला तर त्याला घाई करू नका. चांगला जुना अस्सल गिअर नव्या नकली गिअरपेक्षा बरा, हेही लक्षात ठेवा. पैसे वाचवायचेच असतील तर बाहेरच्या रंगात वाचवा, आत वाचवू नका. घाटात गाडीत मालक नसतो. ड्रायव्हर असतो आणि डाव्या बाजूला एक पोरगा असतो.

अब्बा जाऊन आता बारा वर्षं झाली. ते तीन तुकडे रुमालासकट माझ्या टेबलाच्या खणात आहेत. कविता छापायला पाठवायची असली की कधीकधी मी तो खण उघडतो. एखादी ओळ वाचताना कानाला बारीक कचकच लागलेली असते आणि मी ती चालवून घेत असतो. अशा वेळी ती कविता आणखी काही दिवस टेबलावरच राहते.